नानांच्या आजाराची पिलबाग

धुळ्याच्या ज्युनियर कॉलेजात मी गेली बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवते. मला उदाहरणाशिवाय शिकवता येत नाही. पेशीचं आवरण म्हणजे वावराचा बांध, मूत्रपिंड म्हणजे पिठाची चाळणी, असं काहीतरी तोंडातून निघाल्याशिवाय समोरच्याला समजलं असं मला वाटतच नाही. मुलं परीक्षेत मूत्रपिंडाच्या जागी चाळणी काढून येतात तेव्हा मी मुलांवर चिडते. स्वतःवर चिडायची वेळ माझ्या वडिलांनी आणली.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. रावेरकडचे केळीवाले. वय बहात्तर, अंगकाठी शिडशिडीत, आणि मत विचारायच्या आत तयार. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. जळगावात ऑपरेशन झालं, सहा महिने औषध झालं, आणि नाना परत गावी जाऊन पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्याशी भांडायला लागले. ते भांडण फोनवरून ऐकलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी वर्गात कुणालाच रागावले नाही. वर्षभर असंच चाललं. मग नेहमीच्या रक्ततपासणीत एक आकडा वर गेला, स्कॅन झालं, आणि यकृतावर डाग दिसला. नाना आणि आई पुन्हा जळगावला, मेहरूणमध्ये माझ्या धाकट्या भावाच्या घरी येऊन राहिले.

डॉक्टर तरुण, माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या वयाचे. शांतपणे बोलणारे. ते म्हणाले, "आधीच्या औषधाने भराभर वाढणाऱ्या पेशी मेल्या. पण या गाठीत थोड्या मूळपेशी असतात. त्या निजून असतात. औषध वाढणाऱ्यांना गाठतं, निजलेल्यांना गाठत नाही. नंतर त्या उठतात आणि पुन्हा सगळं उभं करतात. तसंच झालं असावं असं वाटतं."

नानांनी मान हलवली, पण ती न समजल्याची मान होती. चाळीस वर्षं मी ती ओळखते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसत होती आणि ती मला बघवेना. मग मी मध्ये तोंड घातलं. डॉक्टरांच्या केबिनमध्ये, डॉक्टरांच्या समोर, कुणी विचारलेलं नसताना.

म्हटलं, "नाना, केळीचा घड उतरवला की आपण खोड कापतो. वर काहीच उरत नाही. पण जमिनीत कंद असतो की नाही? त्याला पुन्हा पिल फुटतं. या पेशी म्हणजे तो कंद."

नानांचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचं कौतुक वाटलं. त्यांनी मांडीवर थाप मारली.

"म्हंजे पिलबाग! डाक्टर, असं सांगा ना मंग!"

केळी न लावणाऱ्यांसाठी सांगते. पहिल्या लागवडीचं पीक ते नवती. मग कंदाला फुटलेलं एक पिल राखून त्याच्यावर दुसरं पीक घेतात, ती पिलबाग. नानांचं सगळं आयुष्य या दोन शब्दांत गेलं आहे. इतके दिवस आजार हा डॉक्टरांचा विषय होता. माझ्या एका उदाहरणाने तो नानांच्या विषयात आला, आणि आपल्या विषयात नाना कुणाचंही ऐकत नाहीत. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मी मात्र धुळ्याला परतताना एरंडोल येईपर्यंत बसमध्ये बसून स्वतःवर खूष होते.

औषध ठरलं ते असं: दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात एक सलाईन, आणि त्यानंतर चौदा दिवस घरी गोळ्या. सकाळी जेवणानंतर तीन, संध्याकाळी जेवणानंतर तीन. मग सात दिवस सुट्टी, आणि पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या सलाईननंतर दुसऱ्याच दिवशी नानांनी फ्रिजमधली बाटली उचलली आणि ओरडून सोडली. बोटांना झिणझिण्या. फ्रिजमध्ये करंट उतरला, असं त्यांनी जाहीर केलं. भावाने घाबरून वायरमन बोलावला. वायरमनने टेस्टर लावला, फ्रिज पुढे ओढला, मागची धूळ दाखवून भावाला लाजवलं, आणि करंट कुठेच नाही म्हणाला. नाना म्हणाले, याला काही येत नाही. शेवटी भावाने दवाखान्यातून दिलेला कागद वाचला, तर त्यात स्पष्ट लिहिलं होतं की या औषधाने थंड वस्तूचा त्रास होतो, काही दिवस थंड पिऊ नका, थंडाला हात लावू नका. जळगावचा मे महिना, पंख्यातून भट्टीसारखा वारा येतो, आणि नाना कोमट पाणी पीत बसलेले. वायरमनपुढे त्यांनी शेवटपर्यंत चूक कबूल केली नाही.

भेटायला माणसं येत. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाणं हे लग्नाला जाण्याइतकंच चुकवता न येणारं काम आहे, आणि येणारा प्रत्येक जण चेहरा पाडूनच पायरी चढतो. नानांना तो पडलेला चेहरा सहन होत नसे. ते समोरच्याला खुर्चीत बसवून सरळ व्याख्यान सुरू करत.

"घाबरायचं काही कारन नही. पह्यली नवती व्हती, ती जोरात आली. आता ही पिलबाग हाये."

येणारे सगळे केळीवालेच. त्यांना हे लगेच पटे. ते माना डोलवत, चहा पीत आणि हलक्या मनाने गावी जात. आई मला फोनवर सांगायची की माणसं हसत बाहेर पडतात, असा आजारी तिने आजवर पाहिला नाही. मला अभिमान वाटे. माझ्या एका उदाहरणाने रावेर-यावल पट्ट्यातली निम्मी माणसं कॅन्सरला घाबरायची थांबली होती.

नानांची तब्येतही फार चांगली होती. गेल्या वेळी गोळ्यांनी त्यांच्या तळहातांची सालं निघाली होती, जुलाबांनी ते अर्धे झाले होते. या वेळी तळहात गुळगुळीत. दुसऱ्या सलाईनच्या वेळी डॉक्टरांनी हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, "कमाल आहे. तुम्हाला चांगलं मानवतंय." नाना गालात हसले. ते हसणं मी भावाने पाठवलेल्या फोटोत पाहिलं आणि माझ्याही काही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या फेरीच्या गोळ्या संपल्या आणि सुट्टीचा आठवडाही संपत आला तेव्हा एका रविवारी मी जळगावला गेले. चपला काढते न काढते तोच नाना म्हणाले, "चाल, तुले प्रॅक्टिकल दाखवतो."

भावाच्या घरामागे तीन-चार केळी आहेत. नानांनीच कधीतरी लावलेल्या. तिथे त्यांनी तीन पिलं जमिनीबरोबर कापली होती आणि प्रत्येकाच्या मध्ये चाकूने खळगा केला होता. नको असलेलं पिल मारायला शेतात असाच खळगा करून त्यात डिझेल टाकतात. शेजारी विटांवर चुन्याने एक, दोन, तीन असे आकडे. नानांच्या हातात मागच्या वर्षीचं कॅलेंडर, त्याच्या पाठीवर रोजची नोंद. पिल किती बोटं वर आलं, ते.

"हे तीन नंबर. याच्यात डिझेल टाकलं. मेलं, पाह्य. दोन नंबरात नुसतं पानी. आलं वर. आन हे एक नंबर."

एक नंबरचं पिल चांगलं वीतभर वर आलं होतं. कोवळं, गुंडाळलेलं पान.

मी खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंदच झाला. बारावीच्या मुलांना मी वर्षभर ओरडते की प्रयोगात एक भाग नुसता पाण्याचा ठेवा, त्याशिवाय तुलना कशाशी करणार. कुणी ठेवत नाही. सातवी शिकलेल्या माझ्या बापाने ठेवला होता. मी म्हटलं, "वा नाना! एकदम बरोबर केलंत. आणि एक नंबरात काय टाकलंय?"

"तुह्या डाक्टरच्या गोया."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ते पुढे बोलतच होते. "दोन गोया कुटून टाकल्या. काही झालं नही त्याले. कंदाले लागतच नही हे औषध. डाक्टर खरं बोलला व्हता. याच्यापेक्षा डिझेल बरं."

"नाना, तुम्ही डिझेल..."

"मी काय येडा हाये का, डिझेल प्यायले?"

माझ्या जिवात जीव आला, आणि पुढच्या क्षणी गेला. "पण गोळ्या आणल्या कुठून? त्या तर मोजून दिलेल्या असतात."

नानांनी बंडीच्या खिशातून सुपारीचा डबा काढला आणि उघडून माझ्यापुढे धरला. डबा गुलाबी गोळ्यांनी जवळजवळ भरलेला होता. चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचं काही नव्हतं. उलट काटकसरीचं कौतुक होईल अशी वाट बघत होते.

"संध्याकायच्या नही घेत मी. पिलबागेले नवतीयेवढं पानी कोन देते? घड हलकाच येते तिचा. म्हनून म्या संध्याकायची पाळी तोडली."

सव्वा महिना ते अर्धंच औषध घेत होते. सकाळी भावाच्या समोर तीन गोळ्या रीतसर गिळायचे. संध्याकाळी भाऊ दुकानावर, आणि आईला त्यांनी सांगून टाकलं होतं की डॉक्टरांनी संध्याकाळच्या बंद केल्या. आजार पुन्हा आला म्हणजे तो पिलबागेसारखा हलकाच असणार, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण मी कंद सांगितला होता, आणि बाकीची केळी त्यांना पाठ होती. मी तिथेच विटेवर बसले. तीन नंबरच्या.

मग मी खूप ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. आई बाहेर आली, तिने सगळं ऐकून घेतलं, आणि नानांकडे न बघता म्हणाली, "माह्याशी खोटं बोलले. पन्नास वर्सांत पह्यल्यांदा." एरवी हसण्याचा प्रसंग असता तर मी तिला सांगितलं असतं की पहिल्यांदा नाही, पण ती वेळ नव्हती. त्या दिवशी तिने नानांना वाढलं, पण पोळी ताटात वाढली नाही, ताटाबाहेर ठेवली.

सोमवारी मी रजा टाकली आणि सगळे दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "गोळ्या कुटल्या कशात?"

"खलबत्त्यात," नाना म्हणाले.

"ही औषधं कुटायची नसतात, त्यांची पूड अंगाला लागू द्यायची नसते. त्या खलबत्त्यात नंतर काही कुटलं?"

आई पांढरी पडली. शेंगदाण्याची चटणी कुटली होती. रविवारी मीही ती दोनदा मागून घेतली होती. डॉक्टर म्हणाले, आता घाबरू नका, पण तो खलबत्ता घरात ठेवू नका. तो आईच्या माहेरचा. बाहेर आल्यावर ती रडली ती आधी खलबत्त्यासाठी रडली, आणि मग नानांसाठी. मी क्रम बघितला आहे.

डॉक्टर नानांना म्हणाले, "ही पिलबाग हलकी नाही हो. जे मागच्या औषधातून वाचलं तेच आता उभं राहिलंय. म्हणजे ते आधीच्यापेक्षा चिवट आहे. अर्धं औषध दिलं तर कच्चं मरतं आणि चिवट तेवढं राहतं. नेमकं उलटं होतं."

"मंग हिनं पिलबाग कायले सांगितलं?" नाना म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आईने पाहिलं. भावाने तर फारच बारकाईने पाहिलं. मी भिंतीवरचं आतड्याचं चित्र बघत राहिले.

तिसरं सलाईन त्याच दिवशी लावायचं होतं. त्या खोलीत ओळीने खुर्च्या असतात, प्रत्येकाच्या हाताला नळी, आणि कुणालाच दुसरं काम नसतं. नानांच्या शेजारी पिंपळनेरकडच्या, कांदा पिकवणाऱ्या एक अक्का होत्या. साठीच्या, डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेला. जावयाकडे राहून उपचार घेत होत्या. आमची धुसफूस त्यांनी पहिल्यापासून ऐकली होती, कारण आम्ही ती हळू करत नव्हतो. नाना अजून हरले नव्हते; केळीचं केळीवाल्याला कळतं, असं काहीतरी पुटपुटत होते.

"भाऊ, तुम्ही चुकी गयात," अक्का म्हणाल्या. "मन्हा वावरमा हरयी शे. औषध कमी मारं ना, त वरतून पिवयी पडस. मानूसले वाटस, मरनी. पंधरा दिवसमा बठ्ठं वावर हिरवंगार."

हरळी मुळापासून मारायची तर औषध पुरं लागतं, हे नानांना काय माहीत नव्हतं! पण कांदेवाल्या बाईकडून केळीवाला ऐकून घेईल तर ना. नाना म्हणाले, "अक्का, हरयी हे तन हाये. केयी हे पीक हाये."

अक्का खुर्चीत वळल्या. "मंग तुमना पोटमा जे शे, ते काय पीक शे का?"

सगळी खोली हसली. नळ्या लावलेली माणसं हसली म्हणजे सलाईनचे स्टँड हलतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं. नर्स धावत आली. अक्का स्वतः इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला. नाना मात्र हसले नाहीत. ते सलाईन संपेपर्यंत नळीतून पडणाऱ्या थेंबांकडे बघत बसले. मला वाटलं, आता हे सगळंच सोडून देतील. गावी चला म्हणतील. मनात मी भांडणाची तयारी करून ठेवली, आणि सवयीने दोन-तीन नवीन उदाहरणंही जुळवली.

घरी आलो. संध्याकाळी आईने वरणभात वाढला. त्यांनी थोडा खाल्ला. ताट बाजूला सारलं. संध्याकाळच्या तीन गोळ्या मी वाटीत काढून समोर ठेवल्या. नानांनी वाटीला हात लावला नाही.

"बाई, एक इचारू? उदाहरन देऊ नको."

"विचारा."

"आता पुरं औषध घेतलं, तं जाईल का हे?"

एकही गोष्ट सुचेना जी खरी होती आणि त्यांना आवडली असती. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, या निजलेल्या पेशींना नेमकं गाठणारं औषध अजून शोधताहेत, त्यांच्याकडे आहे ते एवढंच औषध आहे. आई खरकटं उचलता उचलता थांबली होती. मला खोटं बोलायचं होतं. मला फार बोलायचं होतं.

"मले नही माहीत, नाना," मी म्हटलं. "डाक्टरलेबी नही माहीत."

मला वाटलं, मी त्यांना मारलं.

"हे पह्यलेच सांगायचं व्हतं," ते म्हणाले. आवाज अगदी साधा. "तू इतकं समजावून सांगे, मले वाटलं, माह्या पोरीले सारं कयलेलं हाये, आता कायचं भ्याव? म्हनून म्या हात आखडला. ज्या वर्साची खात्री नसते, त्या वर्साले म्या कधी पानी तोडलं का?"

आईने कोमट पाण्याचा तांब्या पुढे केला. कालपासून ती त्यांच्याशी बोलली नव्हती, अजूनही बोलली नाही, पण तांब्या तिने हातातच धरून ठेवला, त्यांचं पिऊन होईपर्यंत. नानांनी तिन्ही गोळ्या एकदम तोंडात टाकल्या, मान मागे केली आणि गिळल्या. मी तोवर रडायला लागले होते. ओढणीत तोंड खुपसून, अगदी शाळेत असताना रडायचे तशी.

नानांनी तोंड पुसलं. "रडतं कायले? तुले नही माहीत, मलेबी नही माहीत. आता दोघं बराबर झालो."